गाडीतून न्यायचा पाच जणांचा तंबू : निवड, खुंट्या आणि चाचण्यांच्या नोंदी (फोंडा)

5 ऑक्टोबर

काम असं : फोंड्यातल्या तीन कुटुंबांनी मिळून एक तंबू घ्यायचा आणि आलटून पालटून वापरायचा. एका वेळी जास्तीत जास्त पाच जण : दोन मोठी माणसं, दोन मुलं, एक आजी. तंबू गाडीच्या डिकीतून जाणार, पाठीवरून नाही. त्यामुळे वजन 15 किलोपर्यंत चालेल. जोडसामानासकट खर्चाची मर्यादा 15 हजार रुपये.

वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेत्रावळीकडची कुळागरं (पोफळी-माडांच्या बागा), सत्तरीतल्या बागायती, पेडणे आणि काणकोणच्या किनाऱ्यामागच्या खाजगी जागा. पावसाळ्यात तंबू बाहेर काढायचाच नाही. पण परतीचा पाऊस आणि अवकाळी सर धरून चालायला हवं.

जागेबद्दल तीन गोष्टी आधीच पक्क्या. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. पर्यटनस्थळी उघड्यावर चूल किंवा गॅस पेटवायचा नाही, 2001 च्या गोवा पर्यटनस्थळे कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने त्यावर दंड आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीचे, तिथे थंडीत तंबू आणि दिवे दोन्ही नकोत.

6 ऑक्टोबर

दुकानात जाण्याआधी अंगणातल्या फरशीवर खडूने मापं आखली. हे काम प्रत्येकाने करावं. अर्ध्या तासात जे कळतं ते वेबसाइटवरच्या फोटोंत कळत नाही.

खोक्यावरचा 'चार जणांचा', 'सहा जणांचा' हा आकडा माणशी सुमारे 60 सेंमी रुंदी धरून काढलेला असतो. माणसं खांद्याला खांदा लावून, न वळता झोपली तरच तो खरा. घरातली घडीची गादी 75 ते 90 सेंमी रुंद असते. म्हणून आकड्याकडे न बघता जमिनीची लांबी-रुंदी बघायची.

पहिली आखणी 9×7 फूट, म्हणजे 274×213 सेंमी. कोलमनच्या सनडोमसारख्या चार जणांच्या घुमटाचं हेच माप. मोठ्यांच्या दोन गाद्या 75 च्या आणि मुलांच्या दोन 60 च्या, एकूण 270. गाद्या दोन्ही भिंतींना टेकल्या. बॅगा ठेवायला जागा नाही, आजीच्या खाटेचा प्रश्नच नाही.

दुसरी आखणी 10×10 फूट, 305×305 सेंमी, सहा जणांचा घुमट. चार गाद्या 270 मध्ये बसल्या. पायथ्याशी 115 सेंमी उरले, तिथे 70 सेंमी रुंदीची घडीची खाट आडवी मावली. कागदावर पाच जण बसले. पण रात्री उठायचं तर एकाला दुसऱ्याला ओलांडावं लागतं, आणि दार खाटेच्या बाजूला आलं तर तेही बंद.

तिसरी आखणी अशी : झोपायची खोली 300×210, तिच्यापुढे 300×200 चा ओटा, त्यावरही छत. चौघं आत, खाट ओट्यात दाराजवळ, बॅगा खाटेखाली. आजीला रात्री कोणाला न उठवता बाहेर पडता येतं. मांडणी ही. आता असा तंबू पैशात बसवायचा.

12 ऑक्टोबर

तीन घाटाचे तंबू दुकानात उभे करून बघितले. नोंदीत त्यांना अ, ब, क म्हणू.

अ : घुमट, 305×305, मधली उंची 183 सेंमी. जमिनीपासून 90 सेंमीवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, टेप आडवा धरला. तिथे वापरता येणारी रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास भरली. बाकीची जागा भिंतीच्या उताराने खाल्ली. खाटेवर झोपलेल्या माणसाचा चेहरा 60-70 सेंमीवर असतो. त्या उंचीला भिंत 30-35 सेंमी आत आलेली असते. म्हणजे खाट भिंतीला लावली की गाल कापडाला लागणार, आणि डिसेंबरात ते कापड पहाटे ओलं असतं. वरचं आवरण टोपीसारखं आखूड, भिंतीचा खालचा अर्धा भाग उघडा. आडव्या पावसात पाणी थेट आतल्या कापडावर येईल.

ब : झटपट उभारणीचा केबिन, पोल आधीच जोडलेले, भिंती जवळजवळ सरळ. तिन्हींत आतून सर्वांत ऐसपैस हाच. तो नाकारण्याची कारणं दोन. घडी केल्यावरही लांबी 120 सेंमी राहते, हॅचबॅकच्या डिकीत मागची सीट पाडल्याशिवाय मावत नाही, आणि मागच्या सीटवर तर तिघं बसायचे आहेत. दुसरं, भिंती एकपदरी आणि वर आखूड टोपी. आपल्या दमट हवेत एकपदरी भिंतीला आतून घाम सुटतो. किंमतही मर्यादेबाहेर.

क : बोगद्याच्या आकाराचा. तीन कमानी, आत टांगलेली झोपायची खोली, पुढे उभं राहता येईल असा ओटा, उंची 195 सेंमी. बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत. दोन कापडांमध्ये सगळीकडे 10 सेंमीच्या वर अंतर. घडी 70 सेंमी लांब, वजन 11 किलो. किंमत अ पेक्षा थोडी जास्त, ब पेक्षा बरीच कमी.

क मधली अडचण लपवून चालणार नाही. घुमट खुंट्यांशिवायही उभा राहतो, बोगदा राहत नाही. दोन्ही टोकांना ताण मिळाला तरच कमानी उभ्या राहतात. गोव्यात जमीन एक तर चिऱ्याची, नाही तर वाळूची, आणि तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या दोन्हींत निकामी. म्हणजे क घेतला तर उरलेले पैसे खुंट्यांत घालावे लागणार. हा हिशेब पटण्यासारखा आहे. जागा आणि हवा विकत घेऊन वाढवता येत नाही, खुंट्या बदलता येतात.

19 ऑक्टोबर

कापडाचे आकडे. लेबलवर तीन प्रकारचे दिसतात आणि त्यांची गल्लत होते.

डी म्हणजे डेनिअर : 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, धाग्याची जाडी. टी म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, विणीचा घट्टपणा. '190टी' वाचून कापड जाड आहे असं समजू नये. तिसरा आकडा मिमीमध्ये : कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात, खालच्या बाजूला तिसरा थेंब दिसला की थांबतात, ती उंची. आवरणाला 2,000 मिमी आपल्याला पुरे. तळाला जास्त हवेत, कारण पावसाच्या थेंबापेक्षा गुडघ्याचा किंवा खाटेच्या पायाचा दाब कितीतरी मोठा.

आकड्याइतकीच शिवण महत्त्वाची. 3,000 मिमीचं कापड सुईने भोसकून शिवलं आणि आतून पट्टी चिकटवली नाही, तर पाणी शिवणीतूनच येतं. आवरण आतून उलटं करून प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवायचं. पट्टी असेल तर गुळगुळीत लागते. क मध्ये मुख्य शिवणींवर पट्टी आहे, खिडकीच्या झडपेच्या शिवणीवर नाही. ते नंतर भरायचं.

तळ पॉलिइथिलीनचा, ताडपत्रीसारखा विणलेला, कडेने 15 सेंमी वर वळवून शिवलेला. जड असतो, पण गाडीतून न्यायच्या तंबूला हाच चांगला. पॉलिएस्टरच्या तळावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, आंबूस वास येतो, मग सोलतो. आपल्याकडे हे लवकर होतं. म्हणून जुना, वापरलेला तंबू स्वस्तात मिळत असेल तर आधी पिशवीत नाक घालावं. वास आला तर घेऊ नये, त्यावर उपाय नाही.

26 ऑक्टोबर

पोल. क चे पोल फायबरग्लासचे, 11 मिमी. तशाच आकाराच्या एका स्वस्त तंबूचे 8.5 मिमी होते. फरक अडीच मिमीचा, पण भरीव कांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे 11 ची कांडी जवळजवळ पावणेतीनपट ताठ. साडेपाच मीटरच्या कमानीला हा फरक वाऱ्यात लगेच दिसतो.

फायबरग्लास मोडतं ते सहसा सांध्यापाशी. कांडी धातूच्या नळीत पूर्ण बसलेली नसते, पोल तसाच वाकवला जातो आणि टोक उभं चिरतं. पोल खेचत नेऊ नये, बाहीतून ढकलत न्यावा. खेचला की सांधे सुटतात. चिरलेल्या कांडीला उघड्या हाताने धरू नये, बारीक कुसळं बोटात शिरतात. जादा दोन कांड्या हव्यात : व्यास, लांबी आणि नळीचा आतला व्यास तिन्ही मोजून. दुकानात सांगून ठेवलं.

2 नोव्हेंबर

क घेतला. बाहेर पडण्याआधी दुकानातच पाहिलं : सगळ्या चेन पूर्ण उघड-बंद (कोपऱ्यात कापड अडकतं का), जाळीला भोक, तिन्ही कमानींची लांबी, खुंट्यांचे फास दुहेरी शिवलेले आहेत का, ओट्याचा सुटा तळ पिशवीत आहे का.

जाळीवर एक शब्द. साध्या मच्छरदाणीच्या विणीतून किनाऱ्यावरचे बारीक चावरे किडे आत येतात. खोलीची जाळी दाट आहे. ओट्याच्या दाराला जाळीच नाही. खाटेवर सुती मच्छरदाणी टांगायची, आवरणाच्या आतल्या कड्यांना. किलोभराच्या आतलं वजन त्या कड्या सहज धरतात.

3 नोव्हेंबर

पाण्याची चाचणी, घरच्या परसात. तंबू पूर्ण ताणून उभा केला, आत सगळीकडे जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि वरून नळीने अर्धा तास पाणी सोडलं. आधी वरून, मग बाजूने, मग चेनच्या खालच्या टोकावर. कागदावर ओला डाग पडला की गळती कुठे आहे ते नेमकं कळतं, कोरड्या तळावर बोटाने चाचपून कळत नाही.

डाग दोन. एक खिडकीच्या झडपेखाली, अपेक्षित. दुसरा ओट्याच्या दाराशी. तिथे कापड गळत नव्हतं, आवरण सैल होतं आणि पाणी खळग्यात साचून चेनमधून येत होतं. मागची खुंटी अर्धा हात मागे घेतल्यावर थांबलं. निम्म्या गळत्या अशाच असतात, ताण कमी असल्याच्या.

झडपेची शिवण : तंबू कोरडा झाल्यावर आतून स्पिरिटच्या फडक्याने पुसली, पॉलियुरेथेनचा शिवणलेप ब्रशने पातळ लावला, सुकल्यावर दुसरा हात. सुकला की टाल्कम पावडर भुरभुरवायची, नाहीतर घडीत कापड कापडाला चिकटतं. कापडावरचा लेप सिलिकॉनचा असेल तर हा शिवणलेप धरत नाही, तिथे सिलिकॉनचाच लागतो.

9 नोव्हेंबर

खुंट्या. तंबूसोबत आलेल्या 18 सेंमीच्या तारेच्या खुंट्या बाजूला ठेवल्या. फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 मिमी टीएमटी (बांधकामाच्या) सळईच्या 12 खुंट्या करून घेतल्या : 30 सेंमी दांडा आणि 5 सेंमीचा वळवलेला आकडा, दुसरं टोक ग्राइंडरने टोकदार. सळई लागली 4.2 मीटर, सगळ्यांचं वजन पावणेदोन किलोच्या आत. कापलेल्या कडा घासून घ्यायला सांगावं, नाहीतर पिशवी आणि दोर दोन्ही कापतात. गंजू नयेत म्हणून ऑइलपेंटचा एक हात, तोही भडक नारिंगी, अंधारात ठेच लागू नये म्हणून.

सोबत किलोभराचा हातोडा. रबरी हातोडा चिऱ्याच्या जमिनीवर कामाचा नाही.

10 नोव्हेंबर

सड्यावर, म्हणजे चिऱ्याच्या उघड्या पठारावर, चाचणी. वरचा मातीचा थर चार बोटं, खाली तांबडा चिरा. तारेची खुंटी तिसऱ्या घावाला वाकली. सळईची खुंटी चिऱ्याच्या भेगेत 20-25 सेंमी गेली आणि दोघांनी ओढूनही हलली नाही. घाव घातल्यावर टणटण आवाज आला की थांबावं, एक वीत सरकून दुसरी जागा बघावी. डोकं तंबूपासून लांब कललेलं, दोर आणि खुंटी काटकोनात.

बारापैकी तीन ठिकाणी खुंटी गेलीच नाही. तिथे बांधकामाचे सुटे चिरे वापरले. दोर चिऱ्याला नुसता गुंडाळला तर खरखरीत कडेवर घासून रात्रीतून तुटतो. मध्ये गोणपाटाची दुहेरी घडी घालायची. दोर 4 मिमीचा. 3 मिमीचाही धरतो, पण ताणखुंटा (दोराचा ताण कमी-जास्त करायची पट्टी) ओल्या दोरावर घसरतो.

16 नोव्हेंबर

जादा कांड्या आल्या. नळीचा आतला व्यास जुळला नाही, परत दिल्या.

23-24 नोव्हेंबर

नेत्रावळीजवळच्या एका कुळागरात दोन रात्री, मालकाच्या परवानगीने. ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण कुळागराइतकी दमट जागा दुसरी नाही.

जागा निवडताना आधी वर बघायचं. माडाखाली तंबू नाही, कितीही सावली असो. नारळ आणि झावळी दोन्ही कापड फाडून आत येतात. पोफळीची झावळही विरीसकट (देठाच्या रुंद खोळीसकट) पडते. काजू आणि आंब्याच्या फांद्यांवर पानं जोडून केलेली हुमल्यांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी असतात, ताणदोर त्या फांदीला बांधला की सगळी फौज दोरावरून तंबूत. मग खाली बघायचं : पाटाच्या वाटेत नाही, वाळका पाट पहाटे पाणी सोडलं की वाहू लागतो. मालकाला पाण्याची वेळ विचारावी.

पहिल्या रात्री मुद्दाम सगळ्या झडपा बंद. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव लिटर किंवा जास्तच पाणी हवेत सोडतो, पाच जणांचं सव्वा लिटर. पहाटे आवरण आतून इतकं भिजलेलं की बोट लावताच धार. आतली खोली मात्र कोरडी, दोन कापडांमधलं अंतर कामी आलं. ओट्यात खाटेच्या मच्छरदाणीवर थेंब पडलेले.

दुसऱ्या रात्री मागची खालची झडप आणि पुढची वरची झडप उघडी, आवरणाची एक कड 15 सेंमी उचलून बांधलेली. खालून थंड हवा येते, वरून दमट जाते. पहाटे छताजवळ हलका दमटपणा, थेंब नाहीत. थंडी वाजते म्हणून झडपा बंद करायचा मोह होतो. त्यापेक्षा एक चादर जास्त घ्यावी. चूल, शेगडी, कोळसा आत कधीच नाही, झडपा उघड्या असल्या तरी नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

तंबूखाली घातलेली निळी ताडपत्री पहिल्या दिवशी तळापेक्षा मोठी होती. कडेला पडलेलं दव तिच्यावरून ओघळून तळाखाली आलं. कापून चारही बाजूंनी 7 सेंमी लहान केली.

खाटेच्या पायांनी ओट्याच्या तळावर वळ उठले. जुन्या रबरी चपलांचे चौकोन कापून पायाखाली घातले.

7 डिसेंबर

वाळू. केरीला किनाऱ्यामागच्या सुरूच्या झाडांजवळ, खाजगी जागेत.

सळईची खुंटी वाळूत लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच निघते. इथे पोती. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात साधारण 15 किलो वाळू, तोंड बांधून मधोमध दोर, 40 सेंमी खोल खड्ड्यात आडवं पुरायचं, वर वाळू तुडवून घट्ट करायची. दोर जमिनीशी 45 अंशांत निघेल असा चर काढावा. सरळ उभा निघाला तर ताणाने पोतं वर येतं. मुख्य चार ताणांना चार पोती, बाकीच्या फासांना दगडाला दोर बांधून पुरले तरी चालतात. कामाला पाऊण तास, फावडं लागतंच.

दिशा. दुपारपासून खारे वारे पश्चिमेकडून, रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून, बरेच मंद. म्हणून बोगद्याची बुटकी शेपूट समुद्राकडे, दार पूर्वेला. आडवा लावून बघितला : कमानी एका बाजूला झुकल्या आणि आवरण आतल्या खोलीला टेकलं. तासाभरात पुन्हा फिरवला.

8 डिसेंबर

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतला, साबण नाही. चेनच्या दातांत वाळू आणि मीठ राहिलं की चेनचा घोडा दोन-तीन फेऱ्यांत झिजतो. जुन्या टूथब्रशने साफ करून मेणबत्ती फिरवली. पोलच्या नळ्या आतून सुकायला उभ्या ठेवल्या. तंबूत चेन हाच सर्वांत आधी मरणारा भाग, आणि त्याला वाचवायला लागतात दहा मिनिटं.

15 डिसेंबर

दुपारचा उकाडा. उन्हात उभ्या तंबूत अकरानंतर थांबवत नाही, कितीही जाळ्या असोत. 12×15 फुटांची ताडपत्री दोन झाडांमध्ये दोर बांधून तंबूच्या वर टांगली, मध्ये किमान हातभर मोकळी हवा. ताडपत्री थेट आवरणावर टाकली तर काहीच फायदा नाही, उलट झडपा बंद होतात. हाताला फरक स्पष्ट लागतो. आवरणाचं ऊनही वाचतं. उन्हाने पॉलिएस्टर हळूहळू ठिसूळ होतं, म्हणून रिकामा तंबू दिवसेंदिवस उभा ठेवू नये.

नव्या कांड्या आल्या, या वेळी बसल्या.

29 डिसेंबर

खर्च मर्यादेच्या आत. तंबूव्यतिरिक्त खुंट्या, दोर, हातोडा, दोन ताडपत्र्या, शिवणलेप आणि कांड्या यांत साधारण पाचवा हिस्सा गेला.

पिशवीवर चिकटवायची चिठ्ठी तयार केली, तिन्ही घरांसाठी : कमानी 3, जादा कांड्या 2, सळईच्या खुंट्या 12, पोती 4, गोणपाटाचे तुकडे 6, दोर 4 मीटरचे 8, फावडं, हातोडा, खाटेचे रबर 4. परत देताना मोजून द्यायचं. ओला तंबू दुसऱ्या घरी द्यायचा नाही. घाईत ओलाच गुंडाळावा लागला तर चोवीस तासांच्या आत दोरीवर उघडायचा, बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत.

पावसाळ्यातला साठा : मूळ पिशवीत घट्ट कोंबून नाही, जुन्या चादरीत सैल बांधून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. कौलांखालच्या माळ्यावर नको, तिथे दमट आणि उंदीरही. श्रावणात उघडीप मिळाली की एक दिवस सावलीत पसरायचा. पहिली पाळी खालच्या वाड्यातल्या घराची, 11 जानेवारीपासून.